दुकानांची ग्रीक नावं आणि माझं ३० युरोंचं अ‍ॅप (५ पैकी अडीच स्टार)

अ‍ॅपचं नाव इथे घेणार नाहीये, कारण मला कुणाशी भांडण नकोय, आणि खरं सांगायचं तर नंतर अजून दोन फुकटातली टाकून बघितली तर त्यांचीही थोड्याफार फरकाने हीच रड आहे. इंग्लिशमधून ग्रीक करून देणारं अ‍ॅप, वर्षाचे ३० युरो, कॅमेरा धरला की पाटी वाचतं, माईकमध्ये बोललं की ग्रीकमध्ये बोलून दाखवतं वगैरे. नवऱ्याचं अथेन्सला दोन महिन्यांचं काम निघालं, माझं काम लॅपटॉपवर चालतं म्हणून मीही गेले, पांग्राती भागात एक छोटा फ्लॅट घेतला आणि घरात काय हवं नको ते आणायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. त्यामुळे या अ‍ॅपची परीक्षा मी अ‍ॅक्रोपोलिसवर फोटो काढताना घेतलेली नाही, मासे, पाव, खिळे आणि बुटाचा सोल यांच्यासाठी वणवण फिरताना घेतलीये.

दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. मासे हवे होते. मी अ‍ॅपमध्ये फिशमाँगर टाकलं, त्याने सांगितलं इख्थिओपोलीओ. हा शब्द मी जिन्यावरून उतरताना दहादा घोकला, जीभ तीनदा अडखळली. खाली घरमालकीण राहते, सत्तरीची असेल, सगळे तिला कीरीआ म्हणतात म्हणजे बाई, मीही तेच म्हणायला लागले. दारातच भेटली, मी आपलं ऐटीत विचारलं, कीरीआ, इख्थिओपोलीओ कुठंय? तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग दाराच्या चौकटीला धरून अशी हसली की मला वाटलं मी काहीतरी भलतंच बोलून बसले. मग हाताचा तळवा आडवा धरून माशासारखा सुळकन पोहवून दाखवला आणि म्हणाली, "आ! प्सारादिको!" प्सारी म्हणजे मासा, प्सारादिको म्हणजे मासेवाल्याचं दुकान. संपलं.

पण गंमत पुढे आहे. मी त्या दुकानात पोचले तर वर निळ्या पाटीवर ढळढळीत इख्थिओपोलीओच लिहिलेलं! म्हणजे अ‍ॅप खोटं बोललं नव्हतं. ते पाटीची भाषा बोलत होतं, आणि मी पाटीची भाषा माणसासमोर बोलत होते. कुणी आपल्याकडे येऊन "ताई, मत्स्यविक्री केंद्र कोठे आहे हो" असं विचारलं तर आपणही हसूच की.

हे एकदा डोक्यात बसलं आणि मग सगळीकडे दिसायला लागलं. ग्रीकमध्ये जवळजवळ प्रत्येक जुन्या धंद्याच्या दुकानाला दोन नावं आहेत, एक पाटीवरचं आणि एक तोंडातलं. पाटीवरच्या नावाच्या शेवटी बहुतेक वेळा पोलीओ येतं (डोसवालं पोलिओ नाही, त्याचा काही संबंध नाही), त्याचा अर्थ विकण्याची जागा, मोनोपॉलीमधलं पॉली आहे ना तेच हे विकणं. विव्लिओपोलीओ म्हणजे पुस्तकांचं दुकान, आन्थोपोलीओ फुलांचं, क्रेओपोलीओ मटणाचं. यातलं क्रेओ म्हणजे मांस, पॅनक्रियाजमध्ये जो क्रियाज आहे तोच. थोडक्यात आपलं आलय. केशकर्तनालय लिहायचं आणि सलूनमध्ये जाऊन येतो म्हणायचं, तसलाच प्रकार.

आणि याला इतिहास आहे बरं का. १९व्या शतकात ग्रीस स्वतंत्र झाल्यावर तिथल्या शिकलेल्या लोकांनी भाषा धुऊन काढायचं मनावर घेतलं, तुर्की, इटालियन शब्द बाहेर, जुन्या ग्रीक वळणाचे शब्द आत. त्या भाषेला काथारेवुसा म्हणतात, शुद्ध केलेली. सरकारी कागद, शाळा, पाट्या सगळं त्यात. लोक मात्र घरी आपली दिमोतिकीच बोलत राहिले, आणि शेवटी १९७६ मध्ये सरकारनेच ती बोलीभाषा अधिकृत केली. पण पाट्या कोण बदलणार? त्यामुळे शुद्ध भाषा गेली आणि दुकानांच्या कपाळावर तेवढी शिल्लक राहिली. आता एखादं अ‍ॅप हे सगळं शिकवणार नाही मला मान्य आहे, पण शब्दापुढे बारीक अक्षरात "लिहिताना" आणि "बोलताना" एवढं टाकायला काय जातं? पैसे घेता ना ३० युरो?

आता जे बोलण्यातले शब्द आहेत ते मराठी माणसाला अ‍ॅपपेक्षा लवकर लक्षात राहतात, हे मला सगळ्यात आवडलं आणि अ‍ॅपला याचा पत्ताच नाही. मटणाचं दुकान खासापिको, तुर्कीतल्या कसापवरून, आणि तो अरबीतून, म्हणजे आपला कसाब तोच. किराणा दुकान बाकालिको, मूळ बक्काल, जुन्या मराठीत वाण्याला बकाल म्हणायचेच. बुटाला पापूत्सी म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काही सुचलं नाही, रात्री झोपताना एकदम ट्यूब पेटली, अरे हा तर पायपोस! फारसीतला पापोश इकडे येऊन आपला पायपोस झाला आणि तुर्कीतून तिकडे जाऊन ग्रीकांचा पापूत्सी. नवऱ्याला उठवून सांगितलं, तो म्हणाला, अगं झोप आता, सकाळी मीटिंग आहे.

तसंच ते द्झी. टॅक्सीवाला ताक्सिद्झिस, सुव्लाकी (काडीला टोचून भाजलेलं मांस) विकणाऱ्याचं दुकान सुव्लाद्झिदिको, सटरफटर वस्तूंचं दुकान प्सिलिकाद्झिदिको (हा शब्द मला सहा आठवडे लागले, अजूनही घाईत म्हणता येत नाही). हा द्झी म्हणजे तुर्कीतला ची, आपल्या तोफची, मशालची, खजांचीमधला. हे कळल्यावर मला त्या लांबलचक शब्दांची भीती गेली, मागून तोडत यायचं.

बरं, हे झालं बरोबर पण पुस्तकी. आता चुकीचं काय काय दिलं ते सांगते, कारण तिथेच स्टार कापलेत.

कॉर्नर शॉप टाकलं तर त्याने गोनिआको कातास्तिमा दिलं, म्हणजे कोपऱ्यातलं दुकान. अरे बाबा, कोपऱ्यातलं दुकान कशाचं पण असू शकतं, आमच्या कोपऱ्यावर चष्म्याचं होतं. जे हवं होतं ते वर सांगितलेलं प्सिलिकाद्झिदिको. कातास्तिमा हा शब्दसुद्धा तसा फॉर्मलच, लोक मागाझी म्हणतात, आणि मागाझी म्हणजे दुकान तर आहेच पण कुणी म्हणालं की रात्री मागाझीत गेलो होतो तर तो गाणंबजावणं ऐकायला गेला होता असं समजायचं, खरेदीला नाही.

हार्डवेअर स्टोअर टाकलं तर दिलं कातास्तिमा इलिकू. इलिको हा शब्द ग्रीक लोक कॉम्प्युटरच्या हार्डवेअरला वापरतात! मला भिंतीत मारायला खिळे हवे होते, चार. एका दुकानदाराला हा शब्द स्क्रीनवर दाखवला, त्याने अत्यंत गंभीरपणे मला रस्त्यापलीकडचं मोबाइल रिपेअरवाल्याचं दुकान दाखवलं. त्या बिचाऱ्याची काय चूक. खरा शब्द सिदिरोपोलीओ, सिदिरो म्हणजे लोखंड, आणि बऱ्याच दुकानांवर नुसतं रंग आणि लोखंडी सामान या अर्थाचं ख्रोमाता, सिदिरिका असं लिहिलेलं असतं, रंगाचे डबे बाहेर मांडलेले असतात म्हणून तसंही ओळखू येतं.

केमिस्ट टाकलं, आपल्या सवयीने. खिमिकोस. म्हणजे रसायनशास्त्रज्ञ. मला क्रोसिनसारखं काहीतरी हवं होतं आणि अ‍ॅप मला प्रयोगशाळेत पाठवत होतं. फार्मसी टाकलं की बरोबर फार्माकीओ देतं, तिथे तक्रार नाही, आणि तसाही हिरवा क्रॉस लांबून चमकताना दिसतो. रात्री उघडं असलेलं औषधाचं दुकान शोधायचं तर बंद फार्माकीओच्या दारावर यादी चिकटवलेली असते, पाळी कुणाची ते त्यात असतं, त्याला एफिमेरेवोन म्हणतात. हा शब्द अ‍ॅपमध्ये मी इंग्लिशमधून कुठल्याही वाटेने गेले तरी मिळाला नाही, दारावरच्या कागदावरून शिकले.

मराठीतून टाकून बघायचा मोहही झालाच. वाणी लिहिलं. उत्तर आलं फोनी, म्हणजे आवाज. वाणी! बरोबरच आहे म्हणा. मराठीतून टाकायचा नाद तिथेच सोडला.

पण सगळ्यात मोठा घोळ कियोस्कचा. अथेन्समध्ये फुटपाथवर चौकोनी टपरी असते, पिवळसर किंवा पांढरी, चारी बाजूंनी पेपर, चिप्स, चॉकलेट, लायटर, बाजूला पाण्याचा आणि आइस्क्रीमचा फ्रिज, आणि या सगळ्याच्या मधोमध एक माणूस इतक्या छोट्या खिडकीत बसलेला की त्याचा फक्त चेहरा आणि हात दिसतो. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली ५० सेंट. याला म्हणतात पेरिप्तेरो. अ‍ॅपने मला काय दिलं? किओस्की. किओस्की म्हणजे ग्रीकमध्ये बागेत चार खांबांवर छप्पर टाकून बसायला करतात तो मांडव. मी एका मुलीला विचारलं, किओस्की कुठंय, तिने मला सरळ पार्कचा रस्ता दाखवला आणि मी उन्हात पाणी पाणी करत पार्कात पोचले.

यात मला राग कमी आला आणि मजाच जास्त वाटली, कारण बघा ना, कियोस्क हा शब्द इंग्लिशमध्ये तुर्कीतूनच गेला, त्याच्याही मागे फारसी. म्हणजे कसाई, वाणी, भाजीवाला या सगळ्यांसाठी ग्रीक लोक तुर्कीतून आलेले शब्द वापरतात (भाजीवाल्याचं मानाविको पण तिकडचंच), आणि जिथे अख्ख्या जगाने तुर्की शब्द घेतला तिथे हे पठ्ठे अस्सल ग्रीक पेरिप्तेरो म्हणतात. आणि हा शब्दही साधासुधा नाही, देवळाला चारी बाजूंनी खांबांची रांग असते त्या रचनेचं हे नाव, अ‍ॅक्रोपोलिसवरचं पार्थेनॉन देऊळ त्याच प्रकारचं. टपरीला देवळाच्या बांधणीचं नाव! कीरीआने सांगितलं की पूर्वी या टपऱ्यांचे परवाने युद्धात जायबंदी झालेल्यांना पोटापाण्यासाठी मिळायचे, तिच्या एका काकाची होती. आर्थिक संकट आल्यापासून बऱ्याच बंद पडल्या. तरी जिथे आहेत तिथे रस्ता विचारायला त्यांच्यासारखी जागा नाही, अ‍ॅपपेक्षा तो खिडकीतला माणूस बरा, हे मी पैसे भरून शिकले.

कॅमेऱ्याबद्दल. हा भाग अर्धा जबरदस्त अर्धा बेकार. हॉटेल, कॅफेमध्ये एक छापील सूचना असते, अधिकृत पावती मिळाली नाही तर ग्राहकाने पैसे द्यायची गरज नाही अशा अर्थाची, ती त्याने एका सेकंदात स्वच्छ वाचून दिली, कायद्याची भाषा असून. आणि दुकानाच्या पाटीवरचे दोन मोठे शब्द वाचताना मात्र गडबडतं, कारण ग्रीक मोठी अक्षरं दिसायला इंग्लिशसारखी, पण त्यांचा र आपल्याला पी दिसतो, न एनसारखाच दिसतो, पण ई दिसायला एच, आणि पाटी जरा नक्षीदार असली की अ‍ॅप इंग्लिश समजून वाचायला जातं. जुन्या रंगवलेल्या पाट्यांवर तर हातच टेकतं.

वेळेच्या पाटीने मला दोन फेऱ्या मारायला लावल्या. माझ्या बुटाचा सोल सुटला होता. शू रिपेअरला अ‍ॅपने कातास्तिमा एपिस्केविस पापुत्सिओन अशी मालगाडी दिली, कीरीआने एका शब्दात संपवलं, त्सांगारिस. म्हणजे चांभार. ग्रीक लोक दुकानाचं नाव घेण्याऐवजी माणसाचंच घेतात, त्सांगारिसकडे जा, मानाविसकडे जा, आपण वाण्याकडे, न्हाव्याकडे जाऊन येतो म्हणतो अगदी तसं. हेही अ‍ॅपला माहीत नाही, ते बिचारं दुकान शोधत बसतं. तर गेले, दार बंद, वेळेची पाटी लावलेली. कॅमेरा धरला तर अ‍ॅप म्हणतं, दुसरी, चौथी, शनिवार ९ ते २, तिसरी, पाचवी, शुक्रवार ९ ते २ आणि ५ ते ८. मला वाटलं महिन्यातली दुसरी आणि चौथी काहीतरी भानगड असेल, बँकांच्या शनिवारासारखी. नंतर कळलं की देफ्तेरा म्हणजे दुसरी पण तोच सोमवार, त्रिती म्हणजे तिसरी म्हणजे मंगळवार, रविवारपासून मोजतात. त्रिती, आपली तृतीयाच की! छोटी दुकानं सोमवार, बुधवार, शनिवार दुपारीच बंद होतात आणि बाकी तीन दिवस संध्याकाळी परत उघडतात, मी बुधवारी चार वाजता उभी होते. दुसऱ्या खेपेलाही बुधवारच गाठला, पण तो दोष अ‍ॅपवर नाही टाकत.

चांगलं काय, तेही लिहायला हवं. उच्चार ऐकवतं ते खरंच स्पष्ट आहे, जोर कुठल्या अक्षरावर द्यायचा ते ऐकून कळतं आणि ग्रीकमध्ये जोर चुकला तर समोरचा माणूस नुसता बघत राहतो. नेटशिवाय चालतं, मेट्रोत उपयोग झाला. पाव, औषध, पुस्तकं, ड्रायक्लीनिंग हे नीट देतं, ड्रायक्लीनिंगचं काथारिस्तिरिओ ऐकून समजलं की कॅथार्सिस (मन धुऊन निघणं), काथारेवुसा सगळं एकाच धुण्यातलं. बेकरीला दोन्ही शब्द दिले, पाटीवरचा आर्तोपिईओ आणि बोलण्यातला फूर्नोस, म्हणजे भट्टी. याला एकट्याला दोन्ही देऊ शकतं तर मासेवाल्याने काय घोडं मारलंय?

काही ठिकाणी चूक म्हणावी की नाही कळत नाही. जनरल स्टोअरला त्याने पान्दोपोलीओ दिलं, शब्दशः सगळं काही विकणारं, कागदावर अगदी फिट. मी स्वस्तातला तांदूळ-डाळ मिळेल म्हणून पान्दोपोलीओ अशी पाटी बघून आत शिरले तर लाकडी फळ्या, मंद दिवे, बेटांवरचं चीज, काचेच्या छोट्या बरण्यांत मध, आणि किमती अशा की नवऱ्याला फोन करून विचारावं. हा जुना शब्द आता असल्या झकपक दुकानांनी उचललाय. डाळ शेवटी सुपरमार्केटमध्येच घेतली, आणि भाजी आठवड्याच्या बाजारात, लाइकीत, जो संपताना गेलं की स्वस्त मिळतं, ते जगात कुठेही गेलं तरी तसंच असावं.

सपोर्टला मी तीन मेल केले, कियोस्क, हार्डवेअर आणि केमिस्टची यादी करून, नम्रपणे. आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत असं उत्तर आलं, तीनही वेळा तेच, शेवटच्यात माझं नावही चुकलेलं.

तेव्हा मग कीरीआने एक काम केलं. नातवाची अर्धी भरलेली वही आणून दिली, मागची पानं कोरी होती, मधोमध रेघ मारली, डावीकडे मी अ‍ॅपचा शब्द लिहायचा, उजवीकडे ती काय म्हणते ते. तिचं मोडकंतोडकं इंग्लिश आणि उरलेलं हातवारे. बाकालिको लिहिताना तिने तिच्या लहानपणीच्या वाण्याची गोष्ट सांगितली, तो उधारी लिहायचा त्या वहीला तेफ्तेरी म्हणायचे आणि उधारीला वेरेसे. तेफ्तेरी ऐकून मी म्हटलं कीरीआ, हे आमच्याकडे पण आहे, दफ्तर! आणि मजा म्हणजे या शब्दाचं मूळ जुन्या ग्रीकमध्येच आहे, दिफ्थेरा म्हणजे कातडं, ज्यावर पूर्वी लिहायचे, तो शब्द पूर्वेकडे गेला, दफ्तर झाला, एका वाटेने आपल्याकडे आला आणि दुसऱ्या वाटेने तुर्कांकडून परत ग्रीकांच्या वाण्याच्या गल्ल्यावर जाऊन बसला. हे मी तिला समजावलं की नाही माहीत नाही, पण तिने वहीवर मोठ्या अक्षरात तेफ्तेरी लिहून ठेवलं. त्यात आत्ता ५३ दुकानं आहेत.

अ‍ॅप कुणी घ्यावं? ज्यांना पाट्या, मेनू, सूचना वाचायच्यात त्यांनी घ्या, महिन्याचा प्लॅन घ्या, वर्षाचा नको. ज्यांना तिथे राहून दुकानात जाऊन बोलायचंय त्यांना दिलेला शब्द आधी कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्यावा लागेल, आणि मग अ‍ॅप कशाला.

एडिट: काल अपडेट आलं. हार्डवेअरचं सिदिरोपोलीओ केलंय, मान्य, अर्धा स्टार वाढवणार होते. मग कियोस्क टाकून बघितलं, अजून बागेतच आहे. नाही वाढवत.